न वाजणारा पट्टा

मित्रांनो, मी मनगटाला बांधायचा एक जुना पट्टा आहे. घड्याळासारखा दिसतो म्हणून पुष्कळांची फसगत होते, पण मला काटेही नाहीत आणि आकडेही नाहीत. करड्या रबराची पट्टी, तिच्यावर एक काळी डबी आणि डबीच्या पोटाला हिरवा दिवा, एवढाच माझा संसार. दिवा कातडीला टेकला की आत वाहणाऱ्या रक्ताची मला चाहूल लागते. ठोका पडला की मी तो टिपतो. दुसरे काही मला येत नाही, आणि माझ्या आयुष्यातली सगळी भीती त्यातूनच आली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पांढरी टोपी घातलेली एक कामगार मुलगी तयार झालेला प्रत्येक पट्टा आधी स्वतःच्या हाताला बांधून पाही. मी ओळखलेली पहिली नाडी तिची. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटे उरली होती, म्हणून ती जरा घाईत होती. मला वाटले, जग असेच असणार, थोडे घाईचे पण ठणठणीत.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. तिथे संशोधन विभाग होता आणि माझ्यासारखे चाळीस पट्टे एका कपाटात ओळीने ठेवले होते. ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे अशी माणसे आपापल्या घरी असताना त्यांची नाडी कशी चालते, हे तिथल्या डॉक्टरांना शोधायचे होते. रुग्णालयात पाऊल टाकले की भल्याभल्यांची नाडी धावू लागते, तेव्हा तिथे मोजून उपयोग नव्हता. म्हणून जी माणसे आपखुशीने तयार होत, त्यांच्या हाताला आम्हाला तीन महिने बांधत. दर सोमवारी एक सिस्टर त्यांच्या घरी जाई, आम्हाला आपल्या संगणकाला जोडी आणि आठवड्याचे ठोके उतरवून घेई. मधल्या दिवसांत आम्ही जे टिपू ते आमच्याच पोटात राही. ते कोणाला दिसतही नसे आणि ऐकूही येत नसे.

एका बेकरीवाल्याच्या हातावर मी तीन महिने पीठ खाल्ले. एका गाणे शिकवणाऱ्या बाईंच्या हातावर ताल शिकलो. दोघांनीही मला सुखरूप परत केले. सिस्टर मला ओल्या फडक्याने पुसत म्हणायच्या, "गुणाचा आहेस हो." त्या दिवसांत मी जरा शेफारलोच होतो.

मग मी आजोबांच्या घरी गेलो.

आजोबा लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. चाळीस वर्षे त्यांनी उंच इमारतींत लिफ्ट वर-खाली जाते त्या काळोख्या पोकळीत उभे राहून दोर तपासले होते. "आयुष्यभर लोकांना वर पाठवलं, आता माझा नंबर लागलाय," असे ते येईल त्याला सांगत. आजींना हा विनोद मुळीच खपत नसे. "तुमच्या जिभेला काही हाड?" असे म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून जात. आजोबांचे हृदय दमले होते. दोन खोल्या चालून गेले तरी त्यांना खुर्ची लागे. आणि आजींचे हृदय धडधाकट असूनही रात्र रात्र जागे असे. आजोबांचा श्वास चालू आहे ना, हे बघायला त्या तासातासाला उठत.

सिस्टरने मला आजोबांच्या डाव्या हाताला बांधले तेव्हा आजी अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यांना काही झालं तर तुम्हाला तिथे कळेल ना?" त्यांनी विचारले.

सिस्टरने तोंड उघडले होते. पण त्याआधी आजोबाच बोलले, "कळेल म्हणजे काय, बसल्या जागी कळेल. तू आता निवांत झोप."

आजींनी सिस्टरकडे पाहिले. सिस्टर नुसत्या हसल्या.

आजोबा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, म्हणजे मीही गेलो. दार ओढून घेत ते हळूच म्हणाले, "कागद वाचलाय मी सगळा. हा पट्टा नुसता टिपतो, वाजत नाही. लिफ्टमधली धोक्याची घंटा कुठे वाजते आणि ती ऐकायला कोण बसलेलं असतं, हे मला विचारा. पण हिला नका सांगू. दोन वर्षं झोपली नाहीये बिचारी."

"आजोबा, पण हे बरोबर नाही. त्यांना सांगायला हवं."

"सांगीन मीच. दोन-चार दिवस झोपू दे तिला."

सिस्टर जिना उतरून गेल्या. ते दोन-चार दिवस कधी संपलेच नाहीत.

मित्रांनो, त्या घरात माझे जेवढे कोडकौतुक झाले तेवढे कुठेच झाले नाही. आजी मला रोज मऊ कापडाने पुसत. आजोबांची बाही वर सरकवून, माझ्यावर कापड येत नाही ना, हे बघत. सकाळी उठल्यावर आधी माझ्याकडे बघून म्हणत, "लक्ष असू द्या हं." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्या पलीकडे कोणीतरी बसले आहे असे त्यांना वाटे, त्याच्याशी त्या बोलत. त्यांना झोप लागू लागली होती. मला मात्र धडकी भरू लागली. ज्या खुर्चीत कोणी बसलेलेच नाही तिच्यावर ही बाई विसंबून आहे, हे मला कळत होते, आणि मला तोंड नव्हते.

पाचवा आठवडा लागला. गुरुवारची सकाळ होती. माझ्याखाली आजोबांची कातडी लाल झाली होती. आजी म्हणाल्या, "आंघोळीपुरता काढते. कातडीला जरा वारा लागू दे." त्यांनी मला न्हाणीघराबाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवले. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग आजोबांचा चढलेला सूर आणि त्यावर आजींचे हसू, एवढे मला ऐकू आले. शब्द कळले नाहीत. मग दोघे खोलीत गेले.

थोड्या वेळाने आजींची हाक ऐकू आली. "अहो." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "अहो."

त्या धावत खिडकीपाशी आल्या. त्यांचे हात ओले होते. त्यांनी मला उचलून तोंडाजवळ धरले आणि माझ्या काळ्या डबीत त्या बोलल्या, "ऐकताय ना? लवकर या. हे बोलत नाहीयेत."

मित्रांनो, एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटली नाही. मी काय करणार होतो? त्या परत आत धावल्या. आजोबा पलंगाच्या कडेला उशीला टेकले होते. सदऱ्याची दोन बटणे लावलेली होती. आजींनी मला त्यांच्या हाताला बांधले. पहिल्यांदा बकलच बसेना. "बांधलं हं, आता दिसेल तुम्हाला," असे त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

माझा हिरवा दिवा ठोका शोधू लागला. कातडी अजून कोमट होती, पण ठोका नव्हता. मी पुन्हा शोधले. नव्हता. ज्या कामासाठी मी जन्मलो तेच माझ्या हातून होईना. आजी एकदा आजोबांचे तळवे चोळत, एकदा दार उघडून जिन्यात डोकावत. येतील, आता येतील, असे पुटपुटत. बारा मिनिटांनी शेजारीण जिना चढून आली. तिने आजींचा चेहरा पाहिला आणि फोन केला. रुग्णवाहिका आली, तोवर काही उरले नव्हते.

आजोबांना उचलण्याआधी आजींनी मला गुपचूप काढून घेतले.

दुसऱ्या शहरात शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी संध्याकाळपर्यंत येऊन पोहोचली. आईने तिला सगळे सांगितले, पण माझे सांगितले नाही. मी आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी आजींनी मला तिथून काढून लोकरीच्या टोपीत लपवले. मग बुटात. मग पुन्हा पेटीत. प्रत्येक वेळी त्या मला मुठीत घट्ट धरीत आणि त्यांच्या तळव्यातली नाडी मला लागे. ती एखाद्या कोंडलेल्या पाखरासारखी धडधडत असे.

विभागातून फोन येत. मुलगी सांगे, "शोधतोय आम्ही, सापडत नाहीये." फोन ठेवल्यावर आजी विचारीत, "काय म्हणाले? ओरडले का?"

"कशाला ओरडतील? एक पट्टा तर आहे."

"सही केली होती गं बाबांनी कागदावर."

"म्हणून काय झालं?"

आजी उठून स्वयंपाकघरात जात. एकदा हत्यारांच्या पेटीपुढे बसून त्या स्वतःशीच बोलल्या, "मला धरून नेतील का?" आपण पट्टा काढला म्हणूनच कोणी आले नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. सिस्टर दर सोमवारी माझ्यातून सगळे उतरवून घेत हे त्यांनी पाहिले होते, तेव्हा माझ्या पोटात काय आहे हे त्यांनी ओळखले होते. पट्टा हातावर नव्हता तो सगळा वेळ, आणि मग ती रिकामी बारा मिनिटे. मला कोणी उघडले तर ही बाई उघडी पडेल, आणि नाही उघडले तर हे ओझे ती जन्मभर वाहील. या दोन्ही विचारांनी माझी पाचावर धारण बसली होती.

अठरा दिवस असे गेले. माझे चार्जिंग संपत आले होते. त्या सोमवारी आजी मला पेटीतून काढून मुठीत धरून उभ्या होत्या, तेवढ्यात दाराची बेल वाजली. मुलीने दार उघडले. सिस्टर होत्या. आजींना मला लपवायला वेळ मिळाला नाही. मूठ पदराखाली झाकून त्या तशाच टेबलाशी बसल्या.

सिस्टर समोर बसल्या. पाणी दिले ते त्यांनी तसेच ठेवले.

"आधी दोनदा खालपर्यंत येऊन परत गेले मी," त्या म्हणाल्या. "जिना चढायचा धीर झाला नाही."

"पट्ट्यासाठी आला असाल तर तो अजून सापडला नाही," मुलगी म्हणाली.

"पट्ट्यासाठी नाही आले. आजी, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "तो पट्टा वाजत नाही. तो आमच्याकडे काही पाठवत नाही. मी सोमवारी येऊन उतरवून घ्यायचे तेव्हाच आम्हाला दिसायचं. मधल्या दिवसांत कोणीही बघत नव्हतं."

मुठीतली नाडी एकदम थबकली आणि मग सुसाट सुटली.

"कोणीही?" आजींनी विचारले.

"कोणीही नाही."

"पण तुम्ही हसलात. मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात."

"हो. मी बोलायला हवं होतं, ते नाही बोलले."

मुलगी उठून उभी राहिली. "म्हणजे माझी आई पाच आठवडे एका मुक्या रबरावर विश्वास ठेवून बसली होती? आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"बाबांना?"

सिस्टरने खाली पाहिले. मग मान वर करून त्या आजींकडे बघत म्हणाल्या, "त्यांनाही. तुम्हाला झोप लागावी म्हणून त्यांनी मला थांबवलं. स्वतःच सांगतो म्हणाले होते. पण मी थांबायला नको होतं. ते माझं काम होतं, त्यांचं नाही."

आजींनी आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. मग आजी म्हणाल्या, "लबाड माणूस." आणि त्यांनी मूठ टेबलावर आणून उघडली.

मी तिथे पडलो होतो, उजेडात, तिघींच्या मध्ये. मुलीने आधी मला पाहिले आणि मग आईला.

"मी काढला होता गं," आजी म्हणाल्या. "कातडी लाल झाली होती म्हणून. आणि मग ते बोलेनात, तर मी पुन्हा बांधला. म्हटलं, बांधला की रुग्णालयात दिसेल, येतील धावत. मी फोन नाही केला. वाट बघत बसले."

"किती वेळ?" मुलीने विचारले.

"मला नाही माहीत. शेजारची आली तोपर्यंत."

मुलगी सिस्टरकडे वळली. "तेव्हाच फोन केला असता तर वाचले असते का?"

मित्रांनो, इथे 'नाही' म्हणणे किती सोपे होते. मला तर वाटले, म्हणून टाका एकदाचे. सिस्टरचे ओठ हललेही. पण त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. उगीच काहीतरी सांगून मी पुन्हा तीच चूक करणार नाही. पट्टा नेते, नोंद मोठ्या डॉक्टरांना दाखवते आणि ते काय म्हणतात ते स्वतः येऊन सांगते. बरं असो की वाईट. आणि आजी, पट्टा काढणं हा काही गुन्हा नाही. कातडी लाल झाली की काढाच, असं आमच्याच कागदात लिहिलंय."

मुलीने रागारागाने कागद शोधून काढला. सहाव्या पानावर ते होते. वाजत नाही हेही होते, आणि त्याखाली आजोबांची सही.

तो आठवडा मी विभागातल्या टेबलावर काढला. माझ्या पोटातले सगळे उतरवून झाले होते आणि मी रिकामा होतो, तरी भीती काही रिकामी झाली नव्हती. पुढच्या सोमवारी सिस्टरने कागदांबरोबर मलाही पिशवीत टाकले आणि आम्ही पुन्हा तो जिना चढलो. या वेळी त्या कुठे थांबल्या नाहीत.

"डॉक्टर म्हणाले, त्यांचं हृदय ज्या अवस्थेत होतं ते बघता, लगेच फोन केला असता तरी बहुतेक उपयोग झाला नसता," त्यांनी सांगितले. "पण बहुतेक. अगदी खात्रीने कोणालाच सांगता येणार नाही, असंही म्हणाले."

आजींनी ते 'बहुतेक' दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. मुलीने आईच्या पाठीवर हात ठेवला.

"आता नोंदीचं सांगते," सिस्टर म्हणाल्या. "आजोबांनी संमती दिली होती. तरी तुम्हाला नको असेल तर सगळी नोंद काढून टाकायची, असं डॉक्टर म्हणालेत. ठेवली तर शेवटच्या भागापुढे, पट्टा काढलेला होता, नंतर पुन्हा बांधला, एवढंच लिहू."

"कशाला काढून टाकायची? एवढे पाच आठवडे वागवला त्यांनी तो," आजी म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "त्या वेळी त्यांना भीती वाटली असेल का हो? यात दिसतं का?"

"नाही दिसत. तेव्हा पट्टा कठड्यावर होता. त्याच्या आधीचे ठोके रोजच्यासारखे आहेत. त्याच्यापुढचं मला खरंच माहीत नाही, आजी."

मीही हेच सांगितले असते. मी तिथे नव्हतो.

आजी खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी होते ना तिथे. साबण डोळ्यात गेला म्हणून ओरडले माझ्यावर. म्हणाले, लिफ्टला वंगण फासतात तसा थापू नकोस. मग मी बटणं लावत होते तर म्हणाले, थांब जरा. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं दमले. घाबरलेले नव्हते ते. घाबरले मी."

सिस्टरचे पेन हातातच राहिले होते.

"लिहा की हे," आजी म्हणाल्या.

"आजी, ह्या कागदात त्यासाठी रकाना नाही."

"मग कडेला लिहा."

सिस्टरने कागद आडवा केला आणि कडेच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात ते सगळे लिहिले, साबणासकट. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले. 'खांद्यावर' हा शब्द राहिला होता, तो आजींनी घालायला लावला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझा दिवा मिणमिणतो, रबराला भेगा पडल्या आहेत. विभागात नवे पट्टे आले, आणि मी एका खणात पडून असतो. खण उघडला की अजूनही मी दचकतो. सिस्टर आता बांधायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना समोर बसवतात आणि सांगतात, "हा वाजत नाही. काही झालं तर फोन करा, ह्याची वाट बघू नका." ते ऐकून काही जण हात मागे घेतात. त्यांना त्या थांबवत नाहीत.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कोणाच्या हाताला, छातीला असे काही बांधलेले दिसले, तर ते काय करते हे विचाराच, पण काय करत नाही हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी असे संशोधन करत असेल आणि त्यातले एखादे माणूस गेले, तर मागे राहिलेल्यांशी बोलायला त्यांच्या घरी जा. भीती वाटेल. सिस्टरला वाटली होती, आजींना वाटली होती, आणि मी तर त्यांच्या मुठीतच होतो. तरी त्या दोघी बोलल्या.